शिशाचे ओझे, उद्याचे वचन

विजेच्या मोटारीच्या अपयशाच्या दोन गोष्टी सांगितल्या जातात. पहिली सरळ आहे. बॅटरी जड, महाग आणि अल्पायुषी होती. पेट्रोल हलके, स्वस्त आणि मुबलक होते. तेव्हा जे व्हायचे तेच झाले. दुसरी गोष्ट कटाची आहे. तेलवाले आणि मोटारवाले यांनी एका चांगल्या यंत्राचा गळा घोटला, असे ती सांगते. २००६ साली आलेल्या 'हू किल्ड द इलेक्ट्रिक कार?' या माहितीपटाने तिला खुनाच्या तपासाचे रूप दिले. त्या तपासात तेल कंपन्या, मोटार कंपन्या, सरकार, ग्राहक असे सगळे संशयित एकेक करून उभे केले जातात आणि शेवटी जवळजवळ सर्वांवर आरोप सिद्ध होतो. निर्दोष सुटते ती एकटी बॅटरी.

हा निकाल पुन्हा तपासून पाहावा असे वाटते. बॅटरी निर्दोष नव्हती. पण तिच्यावरचे आरोपपत्रही नीट लिहिले गेलेले नाही. सव्वाशे वर्षांचा हा इतिहास चाळताना दिसते ते असे, की बॅटरीच्या मर्यादा खऱ्या होत्या, आणि त्या ओळखून ज्यांनी आपले काम आखले त्यांच्या गाड्या चालल्या. ज्यांनी 'लवकरच येणाऱ्या' बॅटरीवर भिस्त ठेवली त्यांच्या गाड्या जागीच उभ्या राहिल्या. या वाट पाहण्याचीही एक किंमत होती, आणि ती बहुधा कुणाच्या हिशेबात धरली गेली नाही.

मर्यादा म्हणजे नेमके काय, ते आधी पाहू. गास्तों प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शिशाचे दोन पत्रे सौम्य गंधकाम्लात बुडवून पुन्हा पुन्हा भारता येईल असा घट तयार केला. १८८१ साली कामी फोर याने पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप देण्याची युक्ती काढली आणि हा घट कारखान्यात बनवण्याजोगा झाला. महाराष्ट्रात भारनियमनाची वर्षे काढलेल्या माणसाला त्याची वेगळी ओळख करून द्यायला नको. जिन्याखाली इन्व्हर्टरशेजारी ठेवलेली, अधूनमधून डिस्टिल्ड वॉटर मागणारी, चार वर्षांत मान टाकणारी जी पेटी असे, ती प्लाँतेच्या घटाचीच वंशज. ती एका जागी बसून असते म्हणून तिचे वजन खटकत नाही. तीच पेटी गाडीत घालून गाडीला ओढायला लावली, की हिशेब बदलतो.

एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२,००० वॉट-तास ऊर्जा असते. आजच्या चांगल्या शिसे-आम्ल बॅटरीत किलोमागे ३० ते ४० वॉट-तास मावतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याहूनही कमी मावत. पेट्रोलचे इंजिन आपल्या वाट्याच्या ऊर्जेतली तीन-चतुर्थांश उष्णतेच्या रूपाने उधळते आणि विजेची मोटार फारच थोडी वाया घालवते, हे मान्य करूनही तफावत सत्तर-ऐंशी पटींच्या घरात राहते. शिवाय पेट्रोल जळते तसे ओझे कमी होत जाते, बॅटरी मात्र रिकामी झाली तरी तेवढीच जड. याचे कारण कारागिरीत नाही, मूलद्रव्यात आहे. शिशाचा अणू लिथियमच्या अणूच्या जवळपास तीस पट जड आणि रासायनिक क्रियेत तो सोडतो अवघे दोन इलेक्ट्रॉन. एवढ्या तुटपुंज्या मोबदल्यासाठी एवढे वजन वाहावे लागते.

त्यात या घटाची प्रकृती नाजूक. तो पूर्ण रिता करून तसाच ठेवला तर पत्र्यांवर सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात. खडबडीत रस्त्यावर धक्के बसले तर लेप सुटून तळाशी गाळ साचतो. जास्त भारला तर पाणी वायुरूपाने उडून जाते. घोड्याला चारा-पाणी, खरारा, विश्रांती लागते, तशीच या घटालाही रोजची निगा लागे. ही तुलना सहज म्हणून केलेली नाही. पहिल्या विद्युत गाड्या रस्त्यावर आल्या त्या घोड्याच्या जागी, आणि घोड्याला तबेला आणि मोतद्दार असतोच हे त्या काळी कुणाला सांगावे लागत नव्हते.

*

१८९७ साली ऑगस्टमध्ये लंडनच्या रस्त्यांवर वॉल्टर बर्सी या तरुण अभियंत्याच्या विद्युत कॅब धावू लागल्या. त्यांच्या मोटारीचा गुंजारव आणि काळा-पिवळा रंग पाहून लोकांनी त्यांना 'हमिंगबर्ड' म्हणायला सुरुवात केली. एका भारात त्या सुमारे ३० मैल, म्हणजे ५० किलोमीटरांच्या आसपास जात. बॅटरी संपली की कॅब ठाण्यावर परत यायची आणि जलदाबाच्या यंत्राने जुना संच खाली उतरवून भरलेला संच चढवला जायचा. ठाणे एकच होते. दोन टनांच्या त्या धुडाखाली रबरी टायर झपाट्याने झिजत आणि धक्क्यांनी पत्र्यांचा चुरा होई. १८९९ साली ही सेवा बंद पडली.

न्यूयॉर्कमध्ये हाच प्रयोग अधिक मोठ्या भांडवलावर झाला. फिलाडेल्फियाच्या मॉरिस आणि सॅलम या जोडीने १८९४ मध्ये 'इलेक्ट्रोबॅट' नावाची गाडी बनवली होती. तिचे वजन चार हजार पौंडांच्या वर आणि त्यातले सोळाशे पौंड नुसत्या बॅटरीचे. पुढे या जोडीने १८९७ मध्ये न्यूयॉर्कला मोजक्या कॅबची सेवा सुरू केली. आयझॅक राइस या उद्योजकाच्या हाती शिसे-आम्ल घट बनवणारी मोठी कंपनी होतीच. त्याने हा कॅबचा धंदा विकत घेऊन 'इलेक्ट्रिक व्हेइकल कंपनी' स्थापन केली. ब्रॉडवेवरच्या एका जुन्या स्केटिंगच्या सभागृहात तिचे ठाणे होते. कॅब आत येई, यंत्राने अर्ध्या टनाहून जड बॅटरीचा संच बाहेर ओढला जाई, वरच्या यारीने तो भारण्याच्या जागी नेला जाई आणि काही मिनिटांत दुसरा संच घेऊन गाडी पुन्हा रस्त्यावर येई. याच कंपनीचा एक चालक २० मे १८९९ रोजी लेक्सिंग्टन अव्हेन्यूवर ताशी १२ मैल वेगाने कॅब हाकताना पकडला गेला. अमेरिकेत मोटार वेगाने हाकल्याबद्दल झालेली ही पहिली अटक मानली जाते, आणि ती गाडी विजेची होती. त्याच वर्षी २९ एप्रिलला पॅरिसजवळ कामी जेनात्झी या बेल्जियन चालकाने 'ला जामे काँतांत', म्हणजे 'कधीही तृप्त न होणारी', या बॅटरीवर चालणाऱ्या गाडीतून ताशी १०५.८८ किलोमीटरांचा वेग गाठला होता. ताशी शंभर किलोमीटर ओलांडणारी ती पहिली मोटार. १९०० साली अमेरिकेत तयार झालेल्या सुमारे ४,२०० मोटारींपैकी १,६८१ वाफेच्या, १,५७५ विजेच्या आणि ९३६ पेट्रोलच्या होत्या. शतक उलटताना विजेची गाडी मागे पडलेली नव्हती, हे यावरून उघड आहे.

ब्रॉडवेवरच्या त्या ठाण्यात बॅटरीची मर्यादा नाहीशी झाली नव्हती. ती प्रवाशापासून आणि चालकापासून दूर नेऊन जाणत्या माणसाच्या हाती सोपवली गेली होती. गाडी विकायचीच नाही, प्रवास विकायचा, असा तो विचार होता. पण १८९९ मध्ये विल्यम व्हिटनी आणि त्याचे भांडवलदार मित्र यात उतरले. शहरोशहरी हजारो कॅब चालवण्याच्या घोषणा झाल्या, उपकंपन्या निघाल्या, समभाग फुगले. न्यूयॉर्कमध्ये जे काम अनुभवी हात करत होते ते इतरत्र नवशिक्यांवर पडले आणि बॅटऱ्या धडाधड निकामी होऊ लागल्या. वर्तमानपत्रांनी आर्थिक लबाडी उजेडात आणली तेव्हा लोक या कंपनीला 'लेड कॅब ट्रस्ट', म्हणजे शिशाच्या कॅबची मक्तेदारी, म्हणू लागले होते. १९०७ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. डेव्हिड कर्श या इतिहासकाराने २००० सालच्या आपल्या ग्रंथात या प्रकरणाची बारकाईने चिकित्सा केली आहे. केवळ बॅटरी वाईट होती म्हणून ही व्यवस्था कोसळली, हे त्याला मान्य नाही. तिच्या पडझडीत संघटनेचा आणि सट्टेबाजीचा वाटा मोठा होता. बदनामी मात्र बॅटरीची झाली.

*

आता टॉमस एडिसनकडे वळू. साठवणुकीच्या बॅटरीविषयी त्याचे मत पूर्वी फार वाईट होते. समभाग विकणाऱ्या कंपन्यांना जनतेची फसवणूक करण्यासाठी सापडलेले ते एक साधन आहे, असे त्याने १८८३ मध्ये म्हटले होते. या बॅटरीवर काम करू लागलेल्या माणसातला सुप्त खोटेपणा बाहेर येतो, अशा आशयाचा शेराही त्याने मारला होता. सुमारे पंधरा वर्षांनी तोच माणूस बॅटरीच्या मागे लागला. शिसे आणि आम्ल दोन्ही काढून टाकायचे, एका बाजूला लोह, दुसऱ्या बाजूला निकेलचे संयुग आणि मध्ये अल्कधर्मी द्रव, अशी त्याची योजना होती. स्वीडनमध्ये वाल्डेमार युंगनर याच दिशेने काम करत होता आणि दोघांत एकस्वावरून वाद झाले. १९०१ मध्ये एडिसनची बॅटरी कंपनी निघाली. वृत्तपत्रांतून भविष्यवाणी सुरू झाली. आता घोडा जाणार, शिसे जाणार, सामान्य माणसाला स्वस्त विद्युत गाडी मिळणार! १९०२ साली एडिसनने स्वतः एका प्रतिष्ठित मासिकात लेख लिहून आपल्या बॅटरीचे गुण वर्णिले.

१९०३ मध्ये ती बाजारात आली. लवकरच तिचे डबे गळू लागले आणि पुष्कळ घटांची क्षमता काही काळातच घसरू लागली. एडिसनच्या श्रेयाची एक बाब नोंदवलीच पाहिजे. त्याने सारवासारव केली नाही. १९०४ च्या सुमारास उत्पादन थांबवले, विकलेला माल परत घेतला आणि पुन्हा प्रयोगशाळेत जाऊन बसला. हजारो प्रयोगांनंतर निकेलचे अतिशय पातळ पापुद्रे निकेलच्या संयुगात थरांथरांनी दाबून भरण्याची रीत सापडली आणि द्रवात थोडे लिथियम हायड्रॉक्साइड घातले की क्षमता टिकते हे लक्षात आले. ज्या लिथियमच्या नावाने आजचा सगळा व्यवहार चालतो त्याचे या कथेतले पहिले दर्शन हे असे, चिमूटभर पूरक द्रव्य म्हणून. सुधारलेली बॅटरी १९०९ मध्ये बाजारात आली. ती दणकट होती, धक्के सोसणारी होती, दशके टिकणारी होती. खाणकामगारांच्या दिव्यांपासून रेल्वेच्या सिग्नलपर्यंत तिने प्रदीर्घ सेवा केली. पण ती महाग होती, थंडीत गारठून जाई आणि तिच्यातून एकदम मोठा विद्युतप्रवाह खेचता येत नसे.

आणि दरम्यान १९०८ साल येऊन गेले होते. त्या वर्षी फोर्डची 'मॉडेल टी' ८५० डॉलरला बाजारात आली.

त्या मधल्या आठ वर्षांत काय घडले याचा हिशेब आकड्यांत मांडणे कठीण; पण त्याचे स्वरूप सहज कल्पनेत येते. उद्या दुप्पट चांगली बॅटरी येणार असे खुद्द एडिसन सांगत असताना आज शिशाची बॅटरी कोण विकत घेणार? तिच्यासाठी गावोगावी भारण्याची ठाणी कोण उभारणार, माणसे कोण शिकवणार? शिसे-बॅटरीवालेही स्वस्थ बसले नव्हते, त्यांनी आपला माल बराच सुधारला; परंतु चर्चा सगळी यायच्या बॅटरीची. खीस मोम या डच इतिहासकाराने २००४ सालच्या आपल्या ग्रंथाच्या उपशीर्षकातच 'अपेक्षा' हा शब्द घातला आहे, तो अगदी योग्य वाटतो. विद्युत गाडीचा इतिहास हा यंत्राचा जितका, तितकाच अपेक्षेचा इतिहास आहे.

पुढचा टप्पा तर एखाद्या नाटककाराने रचल्यासारखा आहे. पेट्रोल गाडीची सर्वांत मोठी अडचण ती सुरू करण्याची होती. समोरच्या दांड्याने इंजिन फिरवावे लागे आणि उलटा झटका बसला तर मनगट मोडे. चार्ल्स केटरिंगने बनवलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत आला आणि ही अडचण संपली. हा स्टार्टर चाले शिशाच्या बॅटरीवर! दूरचा पल्ला गाठण्यात सर्वांत दुबळे असलेले रसायन क्षणभर जोराचा धक्का देण्यात सर्वांत तरबेज निघाले. एडिसनच्या बॅटरीला नेमका तोच धक्का जमत नव्हता. ज्या बॅटरीला मुख्य ओझे वाहता आले नाही तिला प्रतिस्पर्ध्याच्या घरी कायमची चाकरी मिळाली आणि बॅटरी कारखान्यांचीही बरकत झाली. विजेची गाडी मागे पडली त्यात बॅटरीच्या अपयशाइतकाच बॅटरीच्या या यशाचाही वाटा होता.

*

इथे 'पल्ला' या शब्दापाशी थोडे थांबायला हवे, कारण आजही विद्युत गाडीविषयी पहिला प्रश्न तोच विचारला जातो. एका भारात किती जाते? १९१० च्या आगेमागे 'डेट्रॉइट इलेक्ट्रिक' ही गाडी एका भारात साधारण ८० मैल, म्हणजे १३० किलोमीटर जाईल असे सांगून विकली जाई. शहरातल्या दिवसभराच्या कामांना हे पुरून उरे. तरी ती अपुरी ठरली, कारण गाडीचे मोल माणसे रोजच्या फेरीवरून ठरवत नाहीत. एखाद्या दिवशी करता येईल अशा प्रवासावरून ठरवतात. मोकळा रस्ता, अनोळखी गाव, मनात आले की निघायचे, हे स्वप्न पेट्रोलसोबत विकले गेले. खेड्यांत तेव्हा वीज नव्हती. १९३० च्या सुमारासही अमेरिकेतल्या शेतघरांपैकी जेमतेम दहा टक्क्यांपर्यंत ती पोहोचली होती. त्यामुळे शहराची वेस हीच विद्युत गाडीची वेस.

आणि या वेशीच्या आत कुणी राहायचे तेही ठरलेले होते. डेट्रॉइट इलेक्ट्रिकसारख्या गाड्यांच्या जाहिराती बायकांना उद्देशून असत. दांडा फिरवायला नको, धूर नको, वास नको, काचेच्या खोलीसारखी बैठक. हेन्री फोर्डच्या पत्नी क्लारा या स्वतः डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवत. नवऱ्याच्या कारखान्यातून लाखो मॉडेल टी बाहेर पडत होत्या त्या वर्षांत! बायकांच्या प्रवासाला मर्यादा समाजाने आधीच घातलेली होती. तेवढ्यापुरती बॅटरी पुरेशी मानली गेली. पुढे 'बायकांची गाडी' हा शिक्काही तिच्या मर्यादांच्या यादीत जमा झाला. रसायनशास्त्राच्या पुस्तकात ही मर्यादा सापडणार नाही.

याच काळात कनेक्टिकटमधल्या हार्टफर्ड शहरी एक शांत, बिनगाजावाजाचा प्रयोग चालू होता. तिथल्या वीजकंपनीने १९१० पासून विद्युत मालमोटारी बॅटरीविना घेण्याची सोय ग्राहकांना दिली. बॅटरी कंपनीची. ग्राहकाने ठरावीक मासिक रक्कम आणि धावलेल्या मैलांप्रमाणे आकार द्यायचा. बॅटरी उतरली की ठाण्यावर बदलून घ्यायची. तिची निगा, दुरुस्ती, मरण हे सगळे कंपनीच्या माथी. ही सेवा १९२४ पर्यंत चालली आणि तिच्यावर साठ लाख मैलांहून अधिक वाहतूक झाली. बॅटरी तीच, काळही तोच. बॅटरीत काही क्रांती झाली नव्हती; तिच्या मर्यादेची जबाबदारी कुणाची हे स्पष्टपणे ठरले होते, इतकेच. एडिसनच्या बॅटरीच्या तुलनेत हार्टफर्डचे नाव आज कुणाला ठाऊक नाही, हे आपण इतिहास कशाचा लिहितो याविषयी बरेच काही सांगते.

अशी उदाहरणे पुढेही मिळतात. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानमध्ये पेट्रोल दुर्मीळ आणि वीज त्या मानाने उपलब्ध होती. विमानाच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या अभियंत्यांनी १९४७ साली 'तामा' नावाची विद्युत गाडी काढली. सरकारी चाचणीत ती एका भारात ९६ किलोमीटर गेली आणि खणासारखा बॅटरीचा संच ओढून बदलता येत असल्याने टॅक्सी म्हणूनही चालली. १९५० मध्ये कोरियाचे युद्ध पेटले, शिशाचे भाव भडकले आणि गाडी बाजारातून हटली. ब्रिटनमध्ये पहाटे घरोघरी दूध पोहोचवणाऱ्या बॅटरीवरच्या गाड्या दशकानुदशके चालल्या. ठरलेला रस्ता, शंभर ठिकाणी थांबणे, झोपलेल्या वस्तीत आवाज न करणे आणि दुपारपर्यंत ठाण्यावर परतणे. या कामात बॅटरीचा एकही दोष आड येत नव्हता. ब्रिटनच्या रस्त्यांवर उरलेल्या सर्व जगापेक्षा अधिक बॅटरी-गाड्या आहेत, असे तिथल्या विद्युत वाहन संघटनेने १९६७ साली म्हटले होते. या गाड्या कमी झाल्या त्याही बॅटरीमुळे नव्हे. घरोघरी फ्रिज आले, दूध सुपरमार्केटमधून येऊ लागले आणि दूधवाल्याची फेरीच संपत गेली.

आपल्या शेजारचे उदाहरण काठमांडूचे. १९९३ मध्ये तिथे काळा धूर ओकणाऱ्या डिझेलच्या तीनचाकींना पर्याय म्हणून बॅटरीवरच्या 'सफा टेम्पो'चे प्रयोग सुरू झाले आणि थोड्याच वर्षांत अशी सुमारे सहाशे वाहने शहरात धावू लागली. बॅटरी शिशाचीच. एका गाडीला दोन संच, एक गाडीत आणि एक ठाण्यावर भारत असलेला. चालकांमध्ये स्त्रियांची संख्या लक्षणीय. ब्रॉडवेवरचा तबेला शंभर वर्षांनी हिमालयाच्या पायथ्याशी पुन्हा उभा राहिला आणि या वेळी त्याच्यामागे सट्टेबाज नव्हते.

*

मग वाट पाहणारे चुकलेच का? हा आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळता येत नाही. कारण शेवटी चांगली बॅटरी आली.

ती आली, पण बोलावणाऱ्यांच्या दारातून आली नाही. १९६६ मध्ये फोर्ड कंपनीने सोडियम-गंधक बॅटरीची घोषणा केली आणि पुन्हा एकदा दहा वर्षांत विद्युत गाडी येणार असे बोलले गेले. ही बॅटरी सुमारे ३०० अंश सेल्सियस तापमानाला, दोन्ही द्रव्ये वितळलेल्या स्थितीत ठेवून चालवावी लागे. १९९० च्या दशकात चाचणीच्या गाड्यांना आगी लागल्यावर तो मार्ग सोडून देण्यात आला. कॅलिफोर्नियाने १९९० मध्ये धूरविरहित गाड्यांची सक्ती जाहीर केली, त्यातून जनरल मोटर्सची 'ईव्ही-१' १९९६ मध्ये रस्त्यावर आली. तिच्यातही ५३३ किलो शिशाची बॅटरी होती, म्हणजे प्लाँतेचाच घट. त्याच वर्षी, बॅटऱ्या अजून तयार नाहीत असे तज्ज्ञांनी सांगितल्याने कॅलिफोर्नियाने सक्तीची मुदत पुढे ढकलली. १९९९ च्या गाडीत निकेल-हायड्राइड बॅटरी आली, पल्ला वाढला, आणि २००३ पासून कंपनीने भाड्याने दिलेल्या गाड्या परत घेऊन त्यांतल्या बहुतेक चिरडून टाकल्या. माहितीपटातला तो खून हाच. 'बॅटरी तयार नाही' हे वाक्य इथे एकाच वेळी खरे होते आणि सोयीचेही होते. बॅटरीला निर्दोष ठरवणाऱ्यांच्या नजरेतून ही दुहेरी बाजू निसटते.

लिथियमची वाट दुसरीकडून येत होती. स्टॅन्ली व्हिटिंगहॅमने १९७० च्या दशकात ज्या कंपनीत तिचा पाया घातला ती एक्सॉन ही तेल कंपनी होती. कटाची गोष्ट सांगणाऱ्यांनी एवढा तपशील तरी ध्यानात ठेवावा. १९८० मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ यांनी कोबाल्ट ऑक्साइडचे धनाग्र शोधले, १९८५ मध्ये जपानच्या अकिरा योशिनो यांनी शुद्ध लिथियम धातू टाळून सुरक्षित घट बनवला आणि १९९१ मध्ये सोनीने तो बाजारात आणला, तो हातात धरायच्या व्हिडिओ कॅमेऱ्यासाठी. २०१९ मध्ये या तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. कॅमेरे, फोन, लॅपटॉप यांच्या कोट्यवधी ग्राहकांनी या घटाचा खर्च उचलला, तो स्वस्त केला. २००८ च्या टेस्ला रोडस्टरमध्ये लॅपटॉपच्या जातीचे ६,८३१ घट एकत्र बांधलेले होते. मोटारवाल्यांनी शंभर वर्षे ज्याची आराधना केली तो देव कॅमेऱ्यावाल्यांना पावला. वाट पाहणे हे संशोधन नव्हे, एवढाच याचा अर्थ.

आजच्या चांगल्या लिथियम घटात किलोमागे अडीचशे वॉट-तासांच्या आसपास ऊर्जा मावते. शिशाच्या मानाने ही झेप मोठी आहे. पेट्रोलच्या मानाने अंतर अजूनही आहेच. नव्या मर्यादाही आल्या आहेत. भारायला लागणारा वेळ, कडक थंडीत आक्रसणारा पल्ला, पेट घेतला तर विझवायला अवघड आग, आणि गाडीत बसणाऱ्याला न दिसणारे, काँगोतल्या कोबाल्टच्या खाणींत राबणारे हात. शिशालाही असा अदृश्य हिशेब होता आणि आहे. उत्तर भारतातल्या शहरांत लाखो ई-रिक्षा शिशाच्या बॅटरीवर धावत आल्या आहेत, आणि जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडून शिसे वितळवणाऱ्या वस्त्यांतल्या मुलांच्या रक्तात ते शिसे उतरते. मर्यादा कुठेतरी कुणालातरी वाहावीच लागते. हार्टफर्डमध्ये ती कंपनीने वाहिली. सगळीकडे तसे होत नाही.

यातून बॅटरी बदलण्याची ठाणी हाच रामबाण उपाय, असा निष्कर्ष मात्र काढू नये. 'बेटर प्लेस' या कंपनीने २००७ पासून तीच कल्पना प्रचंड भांडवलासह इस्रायलमध्ये राबवली आणि २०१३ मध्ये तिचे दिवाळे निघाले. तैवानमध्ये 'गोगोरो'ने २०१५ पासून स्कूटरसाठी तीच कल्पना छोट्या, हाताने उचलता येणाऱ्या बॅटऱ्यांसह राबवली आणि ती रुजली. कल्पना एकच, प्रमाण वेगळे. बर्सी आणि हार्टफर्ड यांच्यातला फरक याच जातीचा होता.

उद्याचे वचन आजही दिले जात आहे. आता त्याचे नाव घन विद्युत-अपघटनी बॅटरी, म्हणजे द्रवाच्या जागी घन पदार्थ वापरणारी. २०१७ मध्ये टोयोटाने ती २०२० च्या दशकाच्या आरंभी आणण्याचा मनोदय सांगितला होता. २०२३ मध्ये तोच मनोदय २०२७-२८ साठी सांगितला. ती येईलही, एडिसनचीही आलीच होती, आणि चांगली निघाली होती. प्रश्न तेव्हाही ती येईल का हा नव्हता. ती येईपर्यंतच्या वर्षांत आपण हातातल्या बॅटरीने कोणती कामे करायची, तिची निगा कुणी राखायची आणि तिचे ओझे कुणाच्या खांद्यावर द्यायचे, हा होता. १९०१ ते १९०९ या आठ वर्षांत त्याचे उत्तर देण्याची कुणाला घाई वाटली नाही, आणि त्या वर्षांत जे रस्ते, जे पंप, ज्या सवयी आणि जी शहरे घडू लागली त्यांत आपण अजून राहतो आहोत.